महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष : जाहीर भूमिका आणि मतदारांमधील प्रतिमा

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (संक्षेप : मगोप, गोव्याच्या बोलण्यात 'मगो') हा १९६३ साली स्थापन झालेला गोव्यातील प्रादेशिक राजकीय पक्ष आहे. गोवा मुक्त झाल्यानंतर तेथे आलेले पहिले लोकनियुक्त सरकार या पक्षाचे होते. डिसेंबर १९६३ ते एप्रिल १९७९ या काळात, केंद्राच्या राजवटीचे काही महिने वगळता, सत्ता याच पक्षाकडे राहिली. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे ही पक्षाची मूळ मागणी असून ती त्याच्या नावातच नोंदलेली आहे. तथापि १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्यातील बहुसंख्य मतदारांनी विलीनीकरण नाकारले आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच पक्षाच्या हाती पुन्हा सत्ता दिली.

या दोन निकालांतील विसंगती वरवरची की खरी, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. पक्ष स्वतःविषयी जे सांगतो आणि मतदार त्याला ज्या कारणासाठी मत देतो, त्या दोन गोष्टी एकच असतील असे नाही. मगोपचा इतिहास हे त्याचे भारतीय राजकारणातील एक ठळक उदाहरण मानता येते. प्रस्तुत लेखात पक्षाच्या समग्र इतिहासापेक्षा त्याची जाहीर भूमिका, मतदारांच्या मनातील प्रतिमा आणि या दोहोंमधील अंतर यांचा विचार केला आहे.

संकल्पना

पक्षाची जाहीर भूमिका ही त्याचे नाव, घटना, निवडणूक जाहीरनामा, विधिमंडळातील ठराव आणि नेत्यांची भाषणे यांतून व्यक्त होते. पक्षाची प्रतिमा मात्र मतदाराच्या अनुभवातून घडते. उमेदवार कोणत्या समाजाचा आहे, तो गावात कोणाच्या घरी उतरतो, पक्षाचे सरकार आल्यावर कोणाचे काम झाले आणि कोणाचे अडले, विरोधक त्याच्याविषयी काय बोलतात, या सर्वांचा तो एकत्रित ठसा असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, प्रत्येक प्रश्नावरील प्रत्येक पक्षाचे मत तपासून पाहण्याइतका वेळ मतदाराजवळ नसतो. म्हणून तो पक्षाच्या सर्वसाधारण ओळखीवर विसंबून निर्णय घेतो. ही ओळख अनेकदा पक्षाच्या मूळ मागणीपेक्षा वेगळ्या गोष्टींभोवती तयार होते.

पार्श्वभूमी

सुमारे साडेचार शतकांच्या पोर्तुगीज राजवटीनंतर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. गोवा, दमण व दीव हे प्रदेश मिळून केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आला आणि त्यासाठी ३० सदस्यांच्या विधानसभेची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी २८ मतदारसंघ गोव्यात, तर दमण व दीव येथे प्रत्येकी एक होता.

त्या वेळी गोव्याच्या लोकसंख्येत सुमारे तीन-पंचमांश हिंदू आणि एक-तृतीयांशाहून अधिक ख्रिस्ती होते. समाजाची दुसरी आणि तितकीच महत्त्वाची विभागणी जमिनीवरून होती. शेती कसणारा तो कूळ, जमीनदाराच्या जागेत घर बांधून राहणारा तो मुंडकार आणि बागायतीचा मालक तो भाटकार. भाटकार हिंदूंमध्येही होते आणि ख्रिस्ती समाजातही. मुंडकाराच्या डोक्यावरचे छप्पर भाटकाराच्या मर्जीवर अवलंबून असे. शिक्षणाची स्थितीही विषम होती. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षण मुख्यतः पोर्तुगीज भाषेत मिळे. मराठी शाळा प्रायः खाजगी प्रयत्नांवर चालत आणि खेड्यांतील बहुजन समाजातील अनेक मुलांपर्यंत कोणतीच शाळा पोहोचत नसे.

भाषेच्या प्रश्नावर दोन मते होती. कोकणी ही मराठीची बोली आहे आणि गोवा हा सांस्कृतिकदृष्ट्या महाराष्ट्राचाच भाग आहे, असे एक मत. कोकणी ही स्वतंत्र भाषा असून गोव्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे, असे दुसरे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते व भाषावार प्रांतरचनेची चर्चा ताजी होती. त्यामुळे गोव्याचे भवितव्य हा मुक्तीनंतरचा पहिला राजकीय प्रश्न ठरला.

स्थापना आणि जाहीर भूमिका

खाणउद्योजक दयानंद बांदोडकर ऊर्फ भाऊसाहेब यांच्या नेतृत्वाखाली १९६३ मध्ये पक्षाची स्थापना झाली. 'सिंह' हे त्याचे निवडणूक चिन्ह. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण, मराठी भाषेचा पुरस्कार आणि बहुजन समाजाची उन्नती ही भूमिकेची तीन अंगे होती. पक्षाच्या मांडणीत या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या होत्या. लहानशा स्वतंत्र गोव्यात परंपरागत उच्चभ्रू वर्गाचेच वर्चस्व राहील. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात, जेथे कूळकायदे झालेले आहेत आणि बहुजन समाज राजकारणात पुढे आलेला आहे, तेथे गोव्यातील कष्टकऱ्यांनाही न्याय मिळेल, असा हा युक्तिवाद होता.

म्हणजे पक्षाच्या दृष्टीने विलीनीकरण हे मुख्य उद्दिष्ट होते आणि बहुजनांची उन्नती हे त्याचे फळ. मतदारांपैकी अनेकांनी हा क्रम उलटा लावला, असे पुढील घटनांवरून दिसते.

पक्षाचा प्रमुख प्रतिस्पर्धी युनायटेड गोवन्स हा होता. जॅक डी सिक्वेरा हे त्याचे नेते आणि 'हात' हे त्याचे चिन्ह. गोव्याचे वेगळेपण टिकावे व पुढे त्याला घटकराज्याचा दर्जा मिळावा, ही त्याची भूमिका होती.

पहिली निवडणूक (१९६३)

९ डिसेंबर १९६३ रोजी झालेल्या पहिल्या निवडणुकीत मगोप व त्याच्या मित्रपक्षाने मिळून गोव्यातील २८ पैकी १६ जागा जिंकल्या. युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. केंद्रात सत्तेवर असलेल्या आणि गोवा मुक्तीचे श्रेय ज्याच्या सरकारकडे जात होते त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. २० डिसेंबर १९६३ रोजी बांदोडकर यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

या निकालाचा अर्थ काय, यावरून लगेच वाद सुरू झाला. आपला विजय हाच विलीनीकरणाच्या बाजूने दिलेला कौल आहे, अशी मगोपची भूमिका होती आणि त्या आधारे १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. महाराष्ट्र विधानमंडळानेही तशीच भूमिका घेतली. पक्षाला मत देणे म्हणजे त्याच्या प्रत्येक मागणीला संमती देणे नव्हे, असे विरोधकांचे म्हणणे होते; हा प्रश्न लोकांना स्वतंत्रपणे विचारावा, असा त्यांनी आग्रह धरला. काँग्रेसचे गोव्यातील नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत त्यासाठी प्रयत्न केले. अखेर १९६६ साली संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

मतदारांमधील प्रतिमा

समर्थकांच्या दृष्टीने

खेड्यांतील कुळे, मुंडकार आणि श्रमजीवी हिंदू समाज यांच्या दृष्टीने मगोप हा सर्वप्रथम 'आपल्या माणसांचा' पक्ष होता. बांदोडकर स्वतः धनिक असले तरी परंपरेने उच्च मानल्या गेलेल्या जातीतील नव्हते. ते गोमंतक मराठा समाजातील होते. जमीनदार घराण्यांबाहेरचा माणूस प्रदेशाच्या सर्वोच्च पदावर बसला, ही घटनाच अनेकांसाठी जाहीरनाम्याहून मोठी होती. त्यांना मिळालेली 'भाऊसाहेब' ही आदरार्थी ओळख आणि पक्षाची ओळख कालांतराने एकरूप झाली.

ही प्रतिमा सरकारच्या कामांनी दृढ केली. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला बेदखल होण्यापासून संरक्षण दिले. गावोगावी मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्या घरातून पूर्वी कोणी शाळेत गेले नव्हते, त्या घरातील मूल पाटी घेऊन शाळेत जाऊ लागले. मराठीचा पुरस्कार ही पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेतील सांस्कृतिक बाब होती. पालकाच्या लेखी तिचा अर्थ गावातली शाळा असा होता.

विरोधकांच्या दृष्टीने

ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य मतदार मगोपकडे गोव्याचे अस्तित्व पुसू पाहणारा पक्ष म्हणून पाहत. मोठ्या राज्यात आपण नगण्य ठरू, कोकणी मागे पडेल, नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील, ही भीती होती. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी नाराजी होती. महाराष्ट्रात त्या काळी दारूबंदीचा कायदा लागू असल्याने माडाची सुर काढणाऱ्या रेंदेरांना आणि मद्यव्यवसायावर जगणाऱ्यांना आपल्या उपजीविकेची चिंता वाटे. यांपैकी काही शंका हिंदू मतदारांनाही होत्या. कोकणीवादी हिंदू लेखक व कार्यकर्त्यांनी विलीनीकरणाला उघड विरोध केला. रवींद्र केळेकर हे त्यांपैकी एक प्रमुख नाव.

युनायटेड गोवन्सची प्रतिमा

जाहीर भूमिका आणि प्रतिमा यांतील अंतर मगोपपुरते मर्यादित नव्हते. युनायटेड गोवन्स सर्व गोमंतकीयांच्या वतीने बोलत असल्याचा दावा करी. परंतु हिंदू बहुजन समाजात त्याच्याकडे मुख्यतः ख्रिस्ती आणि भाटकारांचा पक्ष म्हणून पाहिले जाई. त्यामुळे विलीनीकरण नको असलेल्या हिंदू कुळालाही 'हाता'वर शिक्का मारणे अवघड वाटण्याचा संभव होता. विधानसभेच्या मतपत्रिकेवर अशा मतदाराच्या मनातील नेमका पर्याय उपलब्ध नव्हता. तो पर्याय जनमत कौलाने दिला.

जनमत कौल (१९६७)

कौल मुक्त वातावरणात व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. गोव्यातील मतदारापुढे दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीनीकरण, ज्याचे चिन्ह 'फूल' होते, किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे, ज्याचे चिन्ह 'दोन पाने' होते. पक्षांची नावे आणि चिन्हे मतपत्रिकेवर नव्हती. स्वतंत्र घटकराज्य हा पर्यायही त्यात नव्हता.

प्रचारात वृत्तपत्रांचा मोठा वाटा होता. दैनिक 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर दैनिक 'राष्ट्रमत' विरोधात होते. लक्षणीय गोष्ट अशी की ही दोन्ही वृत्तपत्रे मराठी होती. मराठी वाचणारा प्रत्येक जण विलीनीकरणवादी असतो, हे गृहीत त्यामुळे आपोआपच शंकास्पद ठरले. विरोधी बाजूला उल्हास बुयांव यांच्या कोकणी गाण्यांनीही गावोगावी गर्दी खेचली.

निकाल पुढीलप्रमाणे लागला :

• केंद्रशासित प्रदेश ('दोन पाने') : १,७२,१९१ मते
• विलीनीकरण ('फूल') : १,३८,१७० मते
• अवैध मते : ७,२७२
• एकूण मतदान : ३,१७,६३३ (सुमारे ८२ टक्के)

विलीनीकरणाचा प्रस्ताव ३४,०२१ मतांनी फेटाळला गेला. सासष्टी तालुक्यात त्याच्या विरोधात फार मोठे मताधिक्य होते, तर पेडणे, डिचोली, सत्तरी यांसारख्या तालुक्यांत विलीनीकरणाला बहुमत मिळाले. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात 'अस्मिताय दिस' म्हणून पाळला जातो.

मार्च १९६७ ची निवडणूक

ज्या पक्षाचा मूळ हेतूच मतदारांनी नाकारला, तो पक्ष आता संपेल अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात २८ मार्च १९६७ च्या निवडणुकीत मगोपला १६ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. ५ एप्रिल १९६७ रोजी बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७२ च्या निवडणुकीत पक्षाचे संख्याबळ १८ वर गेले.

निकालांचा अर्थ

'लोकांनी मागणी नाकारली, पण पक्ष स्वीकारला' असे या दोन निकालांचे वर्णन केले जाते. ते अंशतः खरे आहे. मात्र आकड्यांवरून नेमके किती सिद्ध होते हे काळजीपूर्वक पाहणे आवश्यक आहे.

पहिली बाब मोजणीच्या पद्धतीची. जनमत कौलात सर्व गोव्याची मते एकत्र धरून निर्णय झाला. तेथे सासष्टीतील प्रत्येक मताला पेडण्यातील मताइतकेच वजन होते. विधानसभेत २८ मतदारसंघांची मोजणी स्वतंत्रपणे होते. एखाद्या मतदारसंघात दहा हजारांनी जिंकले काय किंवा शंभरांनी जिंकले काय, जागा एकच मिळते. युनायटेड गोवन्सची मते काही भागांत एकवटलेली होती आणि मगोपची मते अधिक मतदारसंघांत पसरलेली होती. मार्च १९६७ मध्ये मगोपला एकूण मतांच्या निम्म्याहून कमी मते मिळूनही बहुमत मिळाले. म्हणजे एकाही मतदाराने आपली बाजू बदलली नसती, तरी दोन मतदानांचे निकाल परस्परविरुद्ध लागू शकले असते.

दुसरी बाब मतदारांच्या वर्तनाची. लोकसंख्येत हिंदूंचे प्रमाण सुमारे ६० टक्के असताना विलीनीकरणाला ४३.५ टक्के मते पडली. यावरून हिंदू मतदारांपैकी लक्षणीय संख्येने 'दोन पाने' निवडली असावीत, असा निष्कर्ष सामान्यतः काढला जातो. त्यांपैकी काहींनी मार्चमध्ये 'सिंहा'ला मत दिले, हे संभवनीय आहे. मतदान गुप्त असल्याने त्यांची नेमकी संख्या सांगता येत नाही.

म्हणून या निकालांवरून दोन विधाने निश्चितपणे करता येतात : गोव्यातील बहुसंख्य मतदारांना विलीनीकरण नको होते, आणि ते नाकारले गेल्यानंतरही बहुसंख्य मतदारसंघांना मगोपचे सरकार हवे होते. मूळ मागणी हरली तरी पक्षाचा पाया हलला नाही, याचे कारण तो पाया जमीन, शाळा आणि सामाजिक प्रतिष्ठा या गोष्टींवर उभा होता.

प्रतिमेतील बदल

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कार्यकाळात मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा (१९७५) आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती (१९७६) झाली. भूधारकांनी या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान दिले. बहुजनांचा पक्ष ही प्रतिमा ज्या आश्वासनावर उभी होती, ते आश्वासन या दोन कायद्यांनी बऱ्याच अंशी कागदावर आले.

१९७७ मध्ये पक्षाला १५ जागा मिळाल्या आणि एप्रिल १९७९ मध्ये पक्षांतर्गत फुटीमुळे सरकार कोसळले. १९८० च्या निवडणुकीत पक्ष ७ जागांवर आला. याच सुमारास युनायटेड गोवन्सही विस्कळीत होऊन त्याचे अनेक नेते काँग्रेसमध्ये गेले होते. नवे मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे १९७२ साली मगोपच्या उमेदवारीवर निवडून आलेले होते. शशिकला काकोडकर स्वतःही काही काळ काँग्रेसमध्ये गेल्या आणि पुढे पक्षात परतल्या. बहुजन समाजाचे प्रतिनिधित्व ही आता एकाच पक्षाची मक्तेदारी उरली नव्हती.

पक्षाच्या मूळ भूमिकेची दोन अंगे १९८७ मध्ये कायद्याने निकालात निघाली. फेब्रुवारीत संमत झालेल्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली, तसेच मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. त्यानंतर विलीनीकरणाचा प्रश्न व्यवहारात शिल्लक राहिला नाही. पक्षाचे नाव मात्र कायम राहिले.

१९८९ मध्ये ४० पैकी १८ जागा जिंकून पक्षाने पुनरागमन केले. १९९४ मध्ये त्याने भारतीय जनता पक्षाशी युती केली. त्या निवडणुकीत भाजपने गोवा विधानसभेत प्रथमच प्रवेश केला आणि पुढील काळात मगोपचा परंपरागत मतदार मोठ्या प्रमाणात त्याच्याकडे वळला. २०१९ मध्ये मगोपच्या तीनपैकी दोन आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२ ची निवडणूक पक्षाने तृणमूल काँग्रेससोबत लढवली आणि निकालानंतर भाजप सरकारला पाठिंबा दिला.

विधानसभेतील संख्याबळ

३० सदस्यांची विधानसभा :
• १९६३ – १६ (मित्रपक्षासह)
• १९६७ – १६
• १९७२ – १८
• १९७७ – १५
• १९८० – ७
• १९८४ – ८

४० सदस्यांची विधानसभा :
• १९८९ – १८
• १९९४ – १२
• १९९९ – ४
• २००२ – २
• २००७ – २
• २०१२ – ३
• २०१७ – ३
• २०२२ – २

मूल्यमापन

१९६७ च्या जनमत कौलातील पराभवाने मगोप संपला नाही, हे वरील आकड्यांवरून स्पष्ट होते. त्याचा ऱ्हास सुमारे एका तपानंतर सुरू झाला. तोपर्यंत कूळ व मुंडकार यांना कायद्याचे संरक्षण मिळाले होते, शाळा गावात आल्या होत्या आणि बहुजन समाजातील नेते इतर पक्षांतही महत्त्वाच्या पदांवर दिसू लागले होते. ज्या कारणासाठी मतदाराने पक्षाला आपले मानले, ते कारण इतरत्रही उपलब्ध झाल्यावर पक्षाचे वेगळेपण ओसरले.

लोकशाही व्यवहाराच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व आणखी एका मुद्द्यात आहे. निवडणुकीतील विजय हा आपल्या संपूर्ण जाहीरनाम्याला मिळालेला कौल आहे, असा दावा बहुतेक विजयी पक्ष करतात. १९६३ नंतर मगोपनेही तसाच दावा केला आणि तो गोव्यात प्रत्यक्ष तपासला गेला. पक्ष आणि प्रश्न यांना स्वतंत्रपणे मत देण्याची संधी भारतीय मतदाराला क्वचितच मिळते. गोव्यातील मतदाराला ती मिळाली, तेव्हा दोन मतदानांतून दोन वेगळी उत्तरे निघाली.

हे सुद्धा पहा

• गोवा मुक्तिसंग्राम
• गोवा जनमत कौल, १९६७
• दयानंद बांदोडकर
• शशिकला काकोडकर
• जॅक डी सिक्वेरा
• संयुक्त महाराष्ट्र आंदोलन